दम्याचं नवं इंजेक्शन नेमकं अडवतं काय?

करवीर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून छापत नाही.

“नमस्कार डॉक्टर. आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. आप्पा ५१ वर्षांचे, स्वतः गुळव्या. दमा जुना आहे, पण गेल्या दोन हंगामांत फार वाढला. वर्षभरात तीनदा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला, एकदा रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं. पहाटे तीन-चारला उठून बसतात, कफ सुटत नाही. नाकात मांस वाढलंय, वास अजिबात येत नाही. पाक उतरायला आला की आप्पांना वासावरूनच कळायचं, आता काकांना विचारतात. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६४० आले. कोल्हापुरातल्या छातीच्या डॉक्टरांनी ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी घ्यायला सुचवलंय. ते अँटिबॉडीचं आहे म्हणाले. मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अँटिबॉडी जंतूंना धरते असं शिकलेय. मग ही आपल्याच पेशीच्या रिसेप्टरला जाऊन का चिकटते? आत्या म्हणते, हे प्रतिकारशक्ती मारणारं इंजेक्शन आहे, घेऊ नका. आप्पा म्हणतात, घेतो, पण मग तो पंप बंद करायचा, त्याची सवय लागते. काय करावं?”

तुझा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचं उत्तर मिळालं की आत्याच्या शंकेचं उत्तर त्यातूनच निघतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अँटिबॉडी जंतूशी लढते असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन वेगळी कामं असतात. पहिलं काम धरण्याचं. अँटिबॉडीला दोन हात असतात आणि हातांच्या टोकाला एका ठरावीक आकाराचीच गोष्ट बसते. दुसरं काम, धरलेल्याचा निकाल लावायला बाकीच्या पेशींना बोलावण्याचं. ते हातांच्या खालचा दांडा करतो. न्यूट्रलायझिंग, म्हणजे नुसतं धरून निकामी करणाऱ्या अँटिबॉडीचं सगळं महत्त्व पहिल्या कामात आहे. धनुर्वाताचं विष घे. अँटिबॉडीनं ते मज्जातंतूला चिकटण्याआधीच धरलं, की विष शरीरात असूनही त्याला काही करता येत नाही. मारामारीची गरजच पडत नाही. आपलं शरीर हे रोज करत असतं. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन या दोघांनी हवी ती एकच अँटिबॉडी प्रयोगशाळेत हव्या तेवढ्या प्रमाणात तयार करण्याची पद्धत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर जंतूच कशाला, शरीरातला त्रासदायक ठरलेला एखादा रेणूही असा धरता येईल, हा रस्ता खुला झाला.

आता आप्पांच्या छातीत काय चाललंय ते बघू. श्वासनळीच्या आतल्या अस्तराला धूर, बुरशीचे कण, धुळीतले सूक्ष्म किडे यांचा त्रास झाला, की त्या पेशी धोक्याचा निरोप सोडतात. त्यातला एक महत्त्वाचा निरोप्या टीएसएलपी. तो मिळाल्यावर पुढच्या पेशी आणखी तीन निरोप्ये बाहेर काढतात: इंटरल्युकिन-४, ५ आणि १३. चारमुळे बी-पेशी आयजीई, म्हणजे ॲलर्जीची अँटिबॉडी, बनवू लागतात. पाचमुळे हाडांच्या मगजात इओसिनोफिल जास्त तयार होतात आणि जास्त दिवस टिकतात. तेरामुळे श्वासनळीत चिकट कफ भरतो आणि तिथले स्नायू जरा कशानंही आवळतात. आप्पांना पहाटे तीन-चारला उठून बसावं लागतं, कफ सुटता सुटत नाही, त्यात या तेराचा मोठा हात असतो. जंतांशी लढण्यासाठी शरीरात असलेली ही यंत्रणा दम्यात विनाकारण चालू राहते.

निरोप्या नुसता रक्तात फिरून काही होत नाही. त्याला पेशीच्या पृष्ठभागावर आपल्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेत, जाऊन बसावं लागतं, आणि ड्युपिलुमॅब नेमकं तिथं जाऊन बसतं. सणाच्या गर्दीत कोल्हापूर स्टँडवर एसटी लागली की माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमाल स्वतः गावाला जात नाही, पण ज्याला बसायचं होतं त्याची जागा गेलेली असते. अँटिबॉडी रिसेप्टरवर बसते, पेशीला आत काहीही कळवत नाही, आणि खरा निरोप्या बाहेर ताटकळतो.

तू या विषयाची विद्यार्थिनी आहेस, म्हणून थोडं खोलात जातो, कारण इथं एक फार सुंदर गोष्ट आहे. हे रिसेप्टर एका तुकड्याचे नसतात. दोन साखळ्या एकमेकींजवळ आल्या तरच पेशीच्या आत संदेश सुरू होतो आणि स्टॅट-६ नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. इंटरल्युकिन-४ आधी आयएल-४ रिसेप्टर अल्फा या साखळीला घट्ट धरतं, मग दुसरी साखळी येऊन मिळते. इंटरल्युकिन-१३ चा क्रम उलटा. ते आधी आयएल-१३ रिसेप्टर अल्फा-१ या साखळीवर बसतं आणि मग तिला येऊन मिळते तीच आयएल-४ रिसेप्टर अल्फा. म्हणजे दोन वेगळे निरोप्ये, पण एक साखळी दोघांनाही लागते. ड्युपिलुमॅब त्या सामाईक साखळीवर बसतं, म्हणून एका अँटिबॉडीत दोन निरोप अडतात. फक्त तेराला धरणाऱ्या अँटिबॉडीही बनवल्या गेल्या, लेब्रिकिझुमॅब आणि ट्रालोकिनुमॅब. दम्याच्या मोठ्या चाचण्यांत त्यांचा भरवशाचा फायदा दिसला नाही. कुठं धरायचं, हे कशाला धरायचं याइतकंच महत्त्वाचं ठरलं.

धरणं म्हणजे तरी काय? तिथं कायमचा रासायनिक बंध तयार होत नाही. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभार, पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग, अशा बारीक बारीक ओढी एकाच वेळी जुळून येतात, कारण दोन्ही पृष्ठभागांचे उंचसखल भाग एकमेकांत बसतात. यातली एकेक ओढ अगदी कमजोर असते, सगळ्या मिळून मात्र पकड जबरदस्त होते. तरीही अँटिबॉडी कधी ना कधी सुटते, पेशी जुने रिसेप्टर गिळून नवे वर आणते, आणि रक्तातली अँटिबॉडी हळूहळू संपत जाते. म्हणून दर दोन आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागतं. आणि म्हणूनच हा दमा मुळापासून बरा करणारा उपाय नाही. इंजेक्शन थांबलं की अडलेला निरोप बहुतेकांत पुन्हा सुरू होतो. हे आप्पांना आधीच स्पष्ट सांग. सहा महिन्यांनी बरं वाटलं म्हणून मनानंच सोडून देणारे बरेच असतात.

सगळ्या अँटिबॉडी अशा गप्प बसणाऱ्या नसतात, हेही लक्षात घे. बेनरालिझुमॅबसुद्धा रिसेप्टरवरच बसतं, इंटरल्युकिन-५ च्या. पण त्याच्या दांड्यावरची फ्युकोज नावाची साखर मुद्दाम काढलेली असते, त्यामुळे नॅचरल किलर पेशी त्याला जास्त घट्ट पकडतात आणि तो इओसिनोफिल मारून टाकतात. एका दिवसात रक्तातले इओसिनोफिल जवळजवळ शून्यावर येतात. मेपोलिझुमॅब रिसेप्टरला हात लावत नाही, ते इंटरल्युकिन-५ लाच वाटेत धरतं. टेझेपेलुमॅब त्याही आधीच्या टीएसएलपीला धरतं. यातलं सगळ्यात जुनं ओमालिझुमॅब, अमेरिकेत २००३ साली दम्यासाठी मंजूर झालेलं. ते मोकळ्या आयजीईला नेमकं अशा ठिकाणी धरतं, की मग ते आयजीई ॲलर्जी उठवणाऱ्या मास्ट पेशीच्या रिसेप्टरवर बसू शकत नाही. आणि आधीच बसलेल्या आयजीईला ते धरू शकत नाही. धरता आलं असतं तर शेजारशेजारची दोन आयजीई जोडली जाऊन मास्ट पेशी फुटल्या असत्या आणि औषधानंच जीवघेणी ॲलर्जी उठवली असती. जागा निवडण्यात केवढं शहाणपण आहे बघ.

आत्याला आता काय सांगशील? प्रतिकारशक्तीला अनेक हात आहेत, या इंजेक्शननं त्यातला एक धरून ठेवलाय. न्यूमोनियाच्या जंतूशी किंवा क्षयाशी लढणारी यंत्रणा मुख्यतः वेगळ्या निरोपांवर चालते. चाचण्यांमध्ये गंभीर जंतुसंसर्ग फारसे वाढलेले दिसले नाहीत. आत्याची काळजी खोटी नाही, फक्त ती चुकीच्या औषधावर बसली आहे. वर्षात तीनदा घेतलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या प्रतिकारशक्ती सरसकट दाबतात, साखर वाढवतात, हाडं ठिसूळ करतात, मोतीबिंदू लवकर आणतात. हे इंजेक्शन सुचवण्यामागचा मोठा हेतू त्या गोळ्या कमी करण्याचाच आहे. रोज गोळ्या घ्याव्या लागणाऱ्या रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ड्युपिलुमॅब घेणाऱ्यांचा गोळ्यांचा डोस सरासरी ७० टक्क्यांनी खाली आला. ज्यांना नुसतं औषधाविना इंजेक्शन दिलं होतं, त्यांचाही सुमारे ४२ टक्क्यांनी आला. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. नीट लक्ष ठेवून, वेळेवर इन्हेलर घेतल्यानंसुद्धा खूप काही होतं.

त्रास अजिबात नाही असंही नाही. टोचलेली जागा लाल होते, दुखते. काहींचे डोळे चुरचुरतात. रक्तातले इओसिनोफिल सुरुवातीला वाढूही शकतात, कारण ते बनणं थांबत नाही, रक्तातून फुप्फुसात उतरणं मात्र अडतं. तेव्हा रिपोर्टमधला आकडा चढला म्हणून घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. हातापायाला मुंग्या, बधिरपणा किंवा अंगावर पुरळ आलं तर थांबू नका, लगेच जा. औषध चालू असताना जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही.

आता माझ्या मते या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: तुमचं गुऱ्हाळ. अँटिबॉडी कितीही अचूक असली तरी ती ठरावीक निरोपच अडवते. आप्पांना होणारा त्रास त्याच निरोपांमुळं होतोय का, हे आधी पक्कं व्हायला हवं.

तुमच्याकडं जळणाला चिपाड रचून ठेवत असणार. पावसाळ्यात भिजून बुरशी आलेलं चिपाड हंगामाच्या तोंडाला हलवलं, की जी धूळ उडते त्यात अनेकदा विशिष्ट सूक्ष्मजीव असतात. त्यांच्यामुळं फुप्फुसाला एक वेगळाच आजार होतो, बॅगॅसोसिस. चिपाड हलवल्यावर चार-सहा तासांनी ताप, कणकण, कोरडा खोकला आणि धाप. तो दमा नव्हे. त्यात ना आयजीईचा हात ना इओसिनोफिलचा, आणि दम्याच्या या इंजेक्शनांचा त्यावर उपयोग नाही. आप्पांचं नाक, इओसिनोफिल, रात्रीचा दम हे सगळं दम्याकडेच बोट दाखवतं. पण माणसाला दोन्ही असू शकतं. चिपाडाचं काम झाल्यावर संध्याकाळी ताप येतो का, हे त्यांना विचार आणि डॉक्टरांच्या कानावर घाल.

दुसरं, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकत असाल. गरम रसात पडली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, आणि दमेकऱ्याची श्वासनळी त्या वायूनं मिनिटांत आवळू शकते. पावडर पडते तेव्हा काहिलीवर वाकलेला कोण असतो? गुळव्याच. सगळ्या इंटरल्युकिनना धरलं तरी हा वायू थांबत नाही. हायड्रॉस बंद करा. गूळ थोडा तांबूस येईल, सौद्यात भावही कदाचित कमी बोलला जाईल, हे मला कळतं. तरीही बंद करा, असंच सांगेन. चुलवाणाचा धूर काहिलीच्या बाजूला फिरत असेल तर धुरांडं उंच करून घ्या आणि जाळ घालायला आप्पांना बसवू नका.

तिसरं, इओसिनोफिल ६४० म्हणजे वाढलेलेच आहेत. पण उसाच्या शेतात अनवाणी फिरणाऱ्या माणसात ते जंतांमुळंही वाढतात. जंतांविरुद्ध लागणारी यंत्रणाच आपण अडवणार आहोत, तेव्हा आधी संडासची तपासणी किंवा जंतांचं औषध झालेलं बरं. आणि ती रक्ततपासणी गोळ्यांचा कोर्स चालू असताना केली होती का, हे तारीख बघून सांग. प्रेडनिसोलोननं इओसिनोफिल एकदम खाली येतात, म्हणजे खरा आकडा ६४० पेक्षाही जास्त असू शकतो.

पंप बंद करण्याबद्दल मात्र आप्पांना माझा निरोप कडक शब्दांत दे. इन्हेलरची सवय लागत नाही. त्यातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, आणि एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम होतात. ही नवी इंजेक्शनं इन्हेलरच्या जोडीला द्यायची असतात, त्याच्या जागी नव्हे. इंजेक्शन सुरू झालं म्हणून इन्हेलर सोडला आणि पुन्हा अटॅक आला, की घरचे म्हणणार, एवढं महागाचं इंजेक्शन वाया गेलं. दम लागल्यावर घ्यायचा पंपही खिशात हवाच. इंजेक्शन त्या क्षणी कामाला येत नाही.

आणि तो इन्हेलर ते घेतात कसा, हे एकदा समोर बसवून बघ. माझ्या ओपीडीत रोटाहेलर, म्हणजे पावडरच्या कॅप्सूलचा इन्हेलर, घ्यायला लावला की नेहमी दिसतं: माणूस आधी त्यातच फुंकर मारतो, मग हलकासा श्वास ओढतो आणि लगेच सोडून देतो. उघडून बघावं तर निम्मी पावडर तशीच. श्वास बाहेर सोडायचा तो यंत्र तोंडापासून लांब धरून. मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचा, दहापर्यंत मोजेतो धरून ठेवायचा. कॅप्सूलमध्ये पावडर उरली असेल तर पुन्हा एकदा ओढायचं, नंतर चूळ भरायची. दाबायचा पंप असेल तर श्वास सावकाश घ्यायचा आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावायचा. हे महिनाभर चोख करून त्रास कायम राहिला, तर इंजेक्शनचा निर्णय पक्का समजा. माझ्या अंदाजानं आप्पांना ते लागेल. नाकात मांस, गेलेला वास, वाढलेले इओसिनोफिल आणि वर्षात तीन कोर्स, हे सगळं एकत्र असताना तुमच्या डॉक्टरांनी हीच अँटिबॉडी निवडली यात मला काही वावगं दिसत नाही. नाकातल्या मांसावरही तिचा उपयोग होतो आणि अनेकांचा वास बराचसा परत येतो.

खर्च मोठा आहे. सुरू करण्याआधीच वर्षभराचा हिशेब मांडा, विमा असेल तर असं इंजेक्शन पॉलिसीत बसतं का हे कंपनीकडून लेखी घ्या, औषध कंपनीची रुग्णांसाठी काही सवलत योजना आहे का हे डॉक्टरांनाच विचारा. कर्ज काढून दोन डोस घ्यायचे आणि थांबायचं, यात काही मिळणार नाही. किमान चार महिने दिल्यावरच फरक पडला की नाही ते ठरवता येतं. सिरिंज फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही, आणि टोचण्याआधी पाऊण तास बाहेर काढून ठेवायची.

एक गोष्ट पत्रात नाही, पण मला ती विचारायचीच आहे. आप्पा पाठ दुखली, डोकं दुखलं की कुठली गोळी घेतात? नाकात मांस आणि दमा एकत्र असलेल्या काही लोकांना ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांनी तासा-दोन तासांत दम्याचा जोरदार अटॅक येतो. दवाखान्यात ठेवावं लागलं त्या रात्री अशी एखादी गोळी घेतली होती का, आईला विचारून बघ. घेतली असेल तर ते चिठ्ठीवर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात दे, आणि तोवर घरातल्या त्या गोळ्या काढून टाक. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० द्या.